मुलुंड ते बोरिवली, दुसरी चावी कपाटात

तुमच्या गाडीची दुसरी चावी कुठे आहे? गाडी नसेल तर स्कूटरची सांगा. वाहन घेताना चाव्या दोन मिळतात. एक रोज हातात असते. दुसरी आत्ता, या क्षणी, नेमकी कुठे आहे हे तुमच्या घराबाहेरच्या एका तरी माणसाला ठाऊक आहे का?

मला हा प्रश्न कधी पडला नव्हता. दसऱ्यानंतरच्या एका शनिवार-रविवारी मी मुलुंडहून निघून घाटकोपर, पार्ले आणि आरे कॉलनी करत बोरिवलीला गेले. अंतर म्हणाल तर किरकोळ. पण तेवढ्यात हा प्रश्न पडला, आणि अजून माझ्या मागे आहे.

मुलुंड, शनिवार सकाळ

माझ्या दादाने, अमोलने, दसऱ्याला सेडान घेतली. काळी, लांबलचक. सीटमधून गार हवा येते. टपाला काच आहे आणि ती बटणाने सरकते. दार लावताना आवाज होत नाही, नुसतं लागल्यासारखं वाटतं. मी या गाडीत बसणार नाही असं घरच्या ग्रुपवर मुद्देसूद लिहून कळवलं होतं. मी घरकाम करणाऱ्या बायकांसाठी पत्रकं लिहिते. ज्या टॉवरमध्ये त्यांना मुख्य लिफ्ट वापरू देत नाहीत, त्याच टॉवरमध्ये दादा राहतो, त्याच्याकडे आई-बाबा आणि मीही, आणि त्याच्या या गाडीला मात्र तिथे दोन जागा आहेत. माझं म्हणणं तेव्हा हे होतं आणि आजही हेच आहे.

पण बाबांचा एक रिवाज आहे. घरात नवी गाडी आली की ती आधी आमच्या पहिल्या गाडीच्या भागीदारांना दाखवायची. आई आणि वहिनी गावी गेल्या होत्या, म्हणून बाबांना धरायला मी हवी होते. बाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत, गुडघे दुखतात.

"मुक्ते, तत्त्व घरी ठेव आणि बस," दादा म्हणाला.

"घरी ठेवायला जागा कुठेय? दोन्ही पार्किंग तुझी."

"बस गो," बाबा म्हणाले. "भांडायला गाडीतसुद्धा जागा आहे."

मी बसले. बाबांनी आपलं दार धाडकन आपटलं आणि दादाचा चेहरा कसनुसा झाला. "बाबा, हळू! ते आपोआप ओढलं जातं."

"आपोआप लागलं हे मला कळायचं कसं?" बाबांनी विचारलं.

त्या आठवड्यात त्या दोघांची आधीच एकदा वाजली होती. गाडी आल्याच्या दुसऱ्या दिवशी बाबांनी फ्लॅटच्या दाराबाहेर, मार्बलच्या पट्टीशेजारी एक खिळा ठोकला होता. दुसरी चावी अडकवायला. शेजाऱ्यांपैकी कुणाला अडीनडीला गाडी लागली तर, म्हणून. दादाने तो खिळा उपटला, भोकात पुट्टी भरली आणि चावी कपाटात ठेवून दिली. "बाबा, ही गाडी कितीची आहे माहितेय ना? चाळ नाहीये ही."

घाटकोपर

चाळ खरंच नाही. टेकडीच्या पायथ्याशी जिथे ती होती तिथे आता बावीस मजले आहेत. दादाने गाडी कडेला घेतली. बाबांनी काच खाली केली आणि बोटाने दाखवलं, "इथे उतार होता. इथून ढकलायची."

आमची पहिली गाडी माझ्या जन्माआधीची, म्हणून ती मला ऐकूनच ठाऊक. ती पूर्वी टॅक्सी होती. वर पांढरा रंग मारला होता, पण टपावर पोपडे निघाले की खालून पिवळा डोकावायचा. गिअर स्टिअरिंगलाच. पुढची सीट बाकासारखी सलग, म्हणून पुढे तिघं आणि पोरंबाळं धरून मागे कितीही. चाळीतल्या तीन घरांनी मिळून ती घेतली होती: बाबा, त्यांच्याच कारखान्यातले शांतारामकाका, आणि भाऊकाका. तिन्ही घरं कोकणातली, तिघांचेही वडील गिरणीत. चावी चाळीच्या गॅलरीत खिळ्यावर टांगलेली असायची. लागेल त्याने न्यायची, आणून पुन्हा खिळ्यावर लावायची. नियम एवढाच. गाडी ढकलल्याशिवाय सुरू होत नसे, म्हणून कुणीही कुठेही निघालं तरी सगळ्या चाळीला कळायचं.

दुसरी गाडी माझ्या लहानपणची, चिमुकली लाल. ती आमच्या एकट्यांची. तिच्या डिकीत बाबांच्या युनियनची पत्रकं असत, आणि उन्हात शाईचा वास पुढपर्यंत यायचा. मी अक्षरं त्या पत्रकांवर शिकले. काचा हँडल फिरवून खाली करायच्या. माझ्या बाजूचं हँडल तुटलं होतं, तिथे पकड लावून ठेवलेली असायची.

तीही गाडी आम्ही भागीदारांना दाखवायला नेली होती. पार्ल्याला भाऊकाकांनी तिच्याभोवती फेरी मारून टायरांना लाथा घातल्या होत्या. बोरिवलीला शांतारामकाका खाली उतरलेच नाहीत. तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत एक माणूस हाताची घडी घालून उभा होता एवढं मला आठवतं. का, ते विचारलं की आई म्हणायची, "गाडीवरून झालं काहीतरी."

म्हणजे या प्रवासात पाहायचं होतं ते एवढंच: या वेळी तरी ते खाली उतरतात का. बाबा त्याबद्दल बोलत नव्हते. पण त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता, आणि वरचा खिसा ते पुन्हा पुन्हा चाचपून पाहत होते.

विलेपार्ले

विमलकाकू म्हणजे भाऊकाकांच्या पत्नी. काका चार वर्षांपूर्वी गेले. त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी असा एक गतिरोधक आहे की सेडानचं पोट त्यावर घासलं आणि 'खर्र' असा आवाज आला. दादाने डोळे मिटले. समोरच्या इस्त्रीवाल्याने हसून सांगितलं, "रिकामी करून न्या साहेब, उचलेल ती." आम्ही उतरलो, गाडी दोन बोटं वर आली आणि गेली. जुन्या टॅक्सीत नऊ माणसं बसून याच गल्लीत हे घर बघायला आली होती, असं काकू वरून ओरडून सांगत होत्या.

"दोन घरं एका दिवशी उरकायची नाहीत," हाही बाबांचा नियम, म्हणून मुक्काम काकूंकडे. जेवायला बांगड्याचं तिखलं, कुरकुरीत तळलेली मांदेली, भात आणि सोलकढी. मुलुंडला दादाकडे जेवताना प्रत्येकाचं ताट वेगळ्या वेळी वाढलं जातं. इथे काकूंनी सगळ्यांना एकत्र बसवलं आणि स्वतःही आमच्याबरोबर बसल्या.

"काकू, उद्या चला ना बोरिवलीला," मी म्हटलं.

"नको गं बाई. शांतारामभाऊजी आणि तुझे बाबा समोरासमोर बसून भिंतीकडे बघणार, आणि चहाचं कौतुक मी एकटीने करायचं. एकदा केलंय मी ते."

रविवारी सकाळी घावणे आणि नारळाचा रस झाला. दादाने खाली जाऊन गाडी सुरू केली. ती आधी दहा मिनिटं गार करावी लागते. आणि सोलकढीची बाटली न्यायला तो पुन्हा वर आला, कारण शांतारामकाकांसाठी काकूंनी ती भरली होती. झाकण सैल होतं. दादाचा पांढरा शर्ट पोटापर्यंत गुलाबी झाला.

"काढ तो, डाग बसेल," म्हणत काकूंनी शर्ट अंगावरून जवळजवळ ओरबाडला आणि कपाटातून भाऊकाकांचा चौकड्यांचा एक शर्ट काढून दिला. तो दादाला खांद्यात सैल आणि पोटात घट्ट. आम्ही हसतहसत निघालो. गाडी काहीतरी पिंपिं करत होती. पण ती पट्टा लावला नाही तरी पिंपिं करते आणि मोटारसायकल जवळून गेली तरी पिंपिं करते. आम्ही लक्ष दिलं नाही.

आरे कॉलनी

महामार्गाने सरळ गेलो असतो तर तासाभरात बोरिवली. पण बाबांना आरेतून जायचं होतं. जुनी टॅक्सी रविवारी तिन्ही घरांना घेऊन इथे यायची. दुधाच्या टपरीवर थंड दूध प्यायचं आणि झाडाखाली बसायचं, एवढीच सहल.

आत शिरलं की हवा बदलते. तबेल्यांचा वास, ओल्या गवताचा वास, रस्त्यावर झाडांच्या सावल्या. पाड्यावरची एक बाई वळणावर टोपलीत पेरू घेऊन बसली होती. दादाने टपरीशी गाडी थांबवून बंद केली. बाबा दूध प्यायले. मी तिखट-मीठ लावलेला पेरू खाल्ला. मग आम्ही परत येऊन बसलो आणि दादाने बटण दाबलं.

पडद्यावर अक्षरं आली: गाडीत चावी नाही.

दादाने भाऊकाकांच्या शर्टाचा खिसा चाचपला. पँटचे खिसे चाचपले. मग माझ्याकडे बघितलं आणि आम्हा दोघांना एकदमच कळलं. या गाडीची चावी लावावी लागत नाही, नुसती जवळ असली की झालं. आणि इंजिन एकदा सुरू झालं की चावी लांब गेली तरी गाडी चालत राहते. बंद केली की संपलं. चावी पार्ल्याला होती, सोलकढीच्या शर्टात.

"वाट लागली," दादा म्हणाला.

टपरीवरची तीन-चार माणसं उठून आली. एकाने बाह्या सरसावल्या. "न्यूट्रलमध्ये टाका साहेब, देतो धक्का."

"नाही हो, ही ढकलून सुरू होत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे चावीशिवाय गिअरच पडत नाही. चाकं लॉक आहेत."

तो माणूस गाडीभोवती एक फेरी मारून आला. "एवढी मोठी गाडी, आणि साधा धक्का पण घेत नाही?"

ते परत जाऊन बसले. मदत करायची असूनही करता येत नाही म्हणून ते जरा नाराज दिसले, आणि मला वाटतं त्यांचं बरोबर होतं. त्या टॅक्सीला माणसांची गरज होती आणि माणसं होतीही. इथेही माणसं होती. गाडीलाच ती चालत नव्हती.

दादाने काकूंना फोन लावला. पलीकडून आवाज आला, "अरे, ते काळं चपटं काय आहे ते तुझंय होय? बादलीत घालणार होते मी! थांबा, रिक्षाने आणते."

तेवढ्या पाऊण तासात, बंद गाडीत दारं उघडी ठेवून बसलेलो असताना, बाबांनी मला ते सांगितलं. दादा बाहेर टपरीवर येरझारा घालत होता.

प्राची, शांतारामकाकांची मुलगी, जन्मली त्या दिवशी बंद होता. रिक्षा नाहीत, दुकानं नाहीत. त्या बंदचं पत्रक बाबांनीच लिहिलं होतं. ते सकाळी ठाण्याला कारखान्याच्या गेटवर सभेला गेले. आदल्या दिवशी गाडी आणल्यावर चावी खिळ्यावर लावायची विसरून ती तशीच त्यांच्या खिशात राहिली होती. दुपारी सुमनकाकींना कळा सुरू झाल्या. शांतारामकाका गॅलरीत धावले. खिळा रिकामा. गाडी खाली उभी होती, ढकलायला सगळी चाळ तयार होती, पण दार उघडायलाच चावी नाही. शेवटी भाजीच्या हातगाडीवर सतरंजी घालून काकींना नेलं. प्राची हॉस्पिटलच्या फाटकाशी जन्मली. दोघी सुखरूप राहिल्या.

"मग तुम्ही माफी मागितली नाहीत?"

"मागितली ना," बाबा म्हणाले. "निवेदन लिहिलं. चाळीच्या फळ्यावर लावलं."

मला हसू आलं नाही, कारण मीही तेच केलं असतं. आमच्या घरात मनात काही आलं की ते कागदावर येतं, तोंडावर येत नाही. गाडीत बसणार नाही हेसुद्धा मी लिहूनच कळवलं होतं, शेजारच्या खोलीत बसलेल्या दादाला.

"त्याने फळा वाचला आणि बोलणं टाकलं. पुढच्या महिन्यात गाडी विकली आम्ही." बाबांनी वरच्या खिशातून एक घडी केलेला कागद काढला. "म्हणून या वेळी नीट लिहिलंय. वाच."

मी वाचलं. चांगलं लिहिलं होतं. तीन परिच्छेद. मी पेन काढून एक शब्द बदलायलासुद्धा घेतला.

रिक्षा आली. काकू उतरल्या, चावी दादाच्या हातात कोंबली आणि घाम पुसत थेट आमच्याकडे आल्या. "हे काय वाचताय बापलेक?" त्यांनी कागद घेतला, दोन ओळी वाचल्या आणि घडी करून स्वतःच्या पर्समध्ये टाकला.

"भाऊजी, पुन्हा कागद?"

"विमल, दे तो."

"नाही देणार. आता आलेच आहे तर मीही येते बोरिवलीला. सरक गं."

बोरिवली

दिंडोशी मागे पडली. बाबा रिकामा खिसा चाचपत होते.

दार प्राचीनेच उघडलं. ती शाळेत शिकवते, मोठ्याने हसते आणि स्वतःची ओळख 'मी हातगाडीवाली' अशी करून देते. सुमनकाकींनी चहा ठेवला. शांतारामकाका खुर्चीत बसले होते. त्यांनी बाबांकडे बघितलं नाही. दादाकडे मात्र बघितलं, बराच वेळ.

"ह्यो भाऊचो शर्ट."

मग काकूंनी शर्टाची आणि चावीची सगळी हकिकत सांगितली, अगदी बादलीसकट. सगळे हसले. काकाही हसले, आणि हसता हसता थांबले.

"चावी खिशात ऱ्हवली?" त्यांनी दादाला विचारलं.

"हो काका."

"बापावर गेलंस."

बाबांचा हात सवयीने वरच्या खिशाकडे गेला आणि परत आला. मी काकूंकडे बघितलं. त्यांनी पर्स घट्ट धरली होती.

"शांताराम," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज गेटवरच्या सभेत लागायचा तसा नव्हता. "त्या दिवशी चावी माझ्या खिशात होती. मी विसरलो. सुमनवहिनींना हातगाडीवरून जावं लागलं ते माझ्यामुळे."

काकांनी आता बाबांकडे बघितलं. मग म्हणाले, "ह्या सांगूक इतकी वर्सां लागली, सदा? फळ्यावर काय लिवलं होतंस, याद आसा? 'अपरिहार्य कारणास्तव चावी उपलब्ध होऊ शकली नाही. होणाऱ्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.' उपलब्ध! माका निवेदन दिलंस! मी काय कंपनीचो मालक?"

सुमनकाकी आतून म्हणाल्या, "आणि गैरसोय कुणाची झाली, ती विचारा."

प्राचीला हसू आवरेना. बाबांनी मान खाली घातली, पण तेही हसत होते. डोळे पुसत हसत होते.

"बरा," काका उठत म्हणाले. "चल, गाडी दाखय."

ते खाली उतरले. तीन मजले, कठड्याला धरून, बाबांच्या पुढे. खाली आल्यावर त्यांनी गाडीभोवती फेरी मारली. बॉनेटवर दसऱ्याच्या झेंडूची माळ सुकून गेली होती, तिच्यावरून बोट फिरवलं. मग दादाला विचारलं, "दुसरी चावी खंय आसा?"

"घरी. कपाटात."

"कोणाक म्हायत आसा?"

दादा हातातल्या चावीकडे बघू लागला.

"तुझ्या बापाशीन चुकान खिशात घातल्यान," काका म्हणाले. "तुया समजान-उमजान कपाटात घातलंस."

ते पुढच्या सीटवर बसले आणि त्यांनी दार धाडकन आपटलं. या वेळी दादा काही बोलला नाही.

आम्ही गोराईच्या जेट्टीवर गेलो. मागे बाबा, काकू आणि मी. सुमनकाकी आणि प्राचीला जागा उरली नाही, त्या रिक्षाने मागून आल्या. पाच माणसांत ही गाडी भरते. मागच्या सीटवर मधोमध बसलेल्याच्या पायांत एक उंचवटा येतो, आणि मध्ये मी होते. तिवरांच्या कडेने ओहोटीचं पाणी उतरत होतं, पलीकडे जाणारी बोट भरत होती. सोलकढीची बाटली अर्धीच उरली होती. सात पेल्यांत तीन-तीन घोट आले. दोघं म्हातारे कठड्याला टेकून कारखान्यातल्या कुठल्याशा फोरमनला शिव्या देत उभे होते.

मुलुंड, सोमवार

सकाळी ठोकण्याच्या आवाजाने मी जागी झाले. दादा ऑफिसच्या कपड्यांत दाराबाहेर उभा होता, हातात हातोडी. पुट्टीचं भोक त्याने पुन्हा मोकळं केलं होतं. "बाहेर नाही टांगत हं," तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "चोरीला जाईल. इथे फक्त पाटी, 'चावी समोरच्या घरी'." मग त्याने समोरच्या दाराची बेल वाजवली. तिथे एक म्हातारं जोडपं राहतं, त्यांची मुलगी बँकेत आहे आणि तिला गाडी चालवता येते. त्या तिघांची नावं मलाही त्या दिवशीच कळली. दादाने चावी तिच्या हातात ठेवली आणि सांगितलं, अडचण असेल तेव्हा न विचारता न्यायची.

ती गोंधळली. "कसली अडचण?"

"कसलीही," दादा म्हणाला. "आणि आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनाही सांगितलंय, चावी तुमच्याकडे आहे म्हणून."

अशा गाड्यांबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. लिफ्टचा प्रश्नही सुटलेला नाही, त्याचं पत्रक मी याच आठवड्यात पुन्हा काढणार आहे. पण एक काम पत्रकाने होत नाही, म्हणून ते तुम्हाला सांगते आहे.

कपाट उघडा. दुसरी चावी बाहेर काढा. समोरच्या दाराची बेल वाजवा, आणि ज्याला गाडी चालवता येते त्याच्या हातात ती द्या. सोसायटीच्या ग्रुपवर लिहू नका. चिठ्ठी सरकवू नका. दार उघडेपर्यंत थांबा, आणि तोंडाने सांगा.